बाबांच्या हातांचा कंप

दिंद्रुडच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या सहकारी दूध संस्थेत माझे वडील दुधाची फॅट काढायचे, म्हणजे प्रत्येकाच्या दुधात स्निग्धांश किती ते तपासायचे; त्यावर भाव ठरायचा. काचेच्या बारीक नळीत आधी आम्ल, मग दूध, दोन्ही अगदी मोजून ओतायचं. आमच्या बौद्ध वस्तीतला माणूस दुधाजवळ बसवला म्हणून सुरुवातीला काही घरांनी दूध घालणंच बंद केलं होतं. पुढं बाबांचं माप लोकांना पटत गेलं आणि ती घरंही परत आली. यात बरीच वर्षं गेली.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात जनावरं चारा छावणीत गेली. नुसत्या उसावर दूध पातळ येऊ लागलं, फॅट कमी लागू लागली आणि रोज सकाळी कुणी ना कुणी बाबांशी हुज्जत घालू लागलं. नेमके त्याच दिवसांत त्यांचे हात कापायला लागले.

मी तेव्हा अंबाजोगाईला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. सुटीत घरी आले तर बाबा ओळखू येईनात. भाकरी दुप्पट खायचे, तरी अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. सावलीतसुद्धा घामानं निथळायचे. कधी आवाज न चढवणारा माणूस आईवर खेकसत होता. गावातल्या डॉक्टरांनी उन्हाचा त्रास म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या. आम्हालाही ते खरं वाटलं. टँकरची रांग, संस्थेतली भांडणं, माणूस झिजणारच.

आईनं मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "परवा त्यांच्या हातून नळी फुटली. आम्ल सांडलं ओट्यावर. सगळ्यांदेखत एक जण म्हणला, काय बे, सकाळी सकाळीच लावून आलास का?"

"बाबा कुठं पितात?"

"न्हाई पीत. पर आता मलाबी काही समजंना."

दुपारी बाबा बाजेवर बसले होते. "डोळे लाल दिसतात, बघू," असं म्हणत मी त्यांच्या तोंडाशी वाकले आणि श्वास आत ओढला. कसलाच वास नव्हता. बाबा जागचे हलले नाहीत.

"आला का वास?" त्यांनी विचारलं.

मी मागं सरकले. ते उठून बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात संस्थेनं ते काम दुसऱ्याला दिलं. चेअरमन घरी येऊन म्हणाले, "तब्येत सांभाळा." बाबांनी खुंटीवरची संस्थेची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

कॉलेज सुरू झालं. एके दिवशी मॅडम थायरॉइडवर शिकवत होत्या. हा धडा मी आधी वाचला होता, परीक्षेत त्यावर चांगलं लिहिलंही होतं. मॅडम म्हणाल्या, "हे हार्मोन हृदयाच्या पेशीत शिरतं, थेट केंद्रकात जातं. कोणतं जनुक चालू ठेवायचं, कोणतं प्रथिन जास्त बनवायचं, हे तिथं ठरतं. ते प्रमाणाबाहेर झालं की झोपेतही ठोके उतरत नाहीत. भूक वाढते, वजन घटतं, हात कापतात." मी पेन खाली ठेवलं. तास संपायची वाट न बघता बाहेर पडले आणि मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं.

बाबा झोपले होते. मी नाडी धरली. झोपेतल्या माणसाची नाडी इतकी पळते, हे मी आधी कधी बोटांखाली अनुभवलं नव्हतं. शिवाय मधूनच एखादा ठोका अडखळत होता.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात रक्त तपासलं. थायरॉइडच निघालं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर बाबा म्हणाले, "काळजात बिघाड हाय का गळ्यात?"

"गळ्यातल्या ग्रंथीत. पण तिथला रस हृदयाच्या पेशीत जाऊन तिथली प्रथिनं बदलतो. आकुंचनानंतर कॅल्शियम परत ओढून घेणारं एक प्रथिन असतं, ते जास्त बनायला लागतं. त्यानं हृदय आकसून लगेच सैल पडतं आणि पुढच्या ठोक्याची घाई करतं."

"मग गोळ्यानं लगेच थांबल?"

"ठोके लवकर उतरतील. पण बनलेली प्रथिनं झिजून नवी यायला वेळ लागतो, बाबा."

"म्हंजी जे बनून बसलंय ते बसलंयच," ते म्हणाले.

श्रावणापर्यंत त्यांचे हात स्थिर झाले. मला रिपोर्ट संस्थेत न्यायचा होता. बाबा भडकले. "कागद दाखवून मी खरा ठरू का? इतकी वर्सं माझे हात बघितले न्हाईत का त्यांनी?"

तरी मी गेले. चेअरमननी रिपोर्ट दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. "आमी काय डॉक्टर हाव का, पोरी? आता त्या जागेवर दुसरा माणूस बसलाय. बाबांना म्हणावं, येत जा, बसत जा." बाबा कधी गेले नाहीत. आमच्या गाईचं दूध घालायला आईच जायची आणि मान खाली घालून परत यायची.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. थायरॉइड आटोक्यात होतं, पण ठोका चुकायचा तो चुकतच होता. आम्ही उशिरा आणलं म्हणून तो दोष राहून गेला, हे त्यांनी न रागावता सांगितलं. आता त्याची गोळी जन्मभर घ्यावी लागणार होती. माझे डोळे भरून आले. बाबांनी सदऱ्याची बटणं एकेक करून लावली, चपला पायात सरकवल्या आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "दिंद्रुडची गाडी किती वाजता हाय?"