दुरुस्त केलेला पाय

मी लहान असताना आलेल्या तापात माझा डावा पाय गेला. पोलिओ हा शब्द आमच्या गावात नंतर आला. तेव्हापासून मी डाव्या गुडघ्याच्या वर हात दाबून चालतो. दाबलं नाही तर गुडघा मुडपतो आणि मी खाली येतो. एवढी साधी गोष्ट आहे. यात रडण्यासारखं काही नाही आणि टाळ्या वाजवण्यासारखंही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या पायात ज्यांनी ज्यांनी लक्ष घातलं त्यांना या दोनच गोष्टी करायच्या होत्या.

आमचं गाव आरमोरीजवळ. धान कापून झालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट्या वडशाहून यायच्या, बाकी नट गावातलेच. मी गावच्या नाटक मंडळीत पडदा ओढायचो. ज्या वर्षी सरकारने अपंग वर्ष म्हणून शाळांच्या भिंती रंगवल्या, त्या वर्षी मंडळीने निवडलेल्या नाटकात नायकाचा धाकटा भाऊ लंगडा होता. आमचा डायरेक्टर विहाराच्या मागे राहायचा. तो घरी आला आणि म्हणाला, "हा पार्ट तुलेच. तुले तं ॲक्टिंगच कराची नाई."

मी खूश झालो. पडद्याची दोरी सोडून पडद्याच्या पुढे जायला मिळणार होतं, खूश का होऊ नये?

पहिल्या तालमीला मी चाललो, संवाद म्हटले. डायरेक्टर डोकं खाजवत बसला.

"असं नाई लंगडत गा माणूस. जरा जोरानं लंगड. मांगच्या लोकाइले दिसलं पाह्यजे. अन् तो हात काढ मांडीवरून, खाज सुटल्यावानी दिसते."

"हात काढला तं पडीन मी."

"पडला तं पड. पब्लिक रडन."

दुसऱ्या दिवशी माझा पार्ट गावातल्या एका कबड्डी खेळणाऱ्या गड्याला गेला. त्याने कंबर एवढी झोकली, पाय असा फरफटवला आणि चेहरा असा केविलवाणा केला की सगळे वा वा करत सुटले. लंगडं असायला मी पुरेसा लंगडा नव्हतो! मला मग प्रॉम्प्टर केलं. "तुह्यं वाचन चांगलं हाय," डायरेक्टर म्हणाला. म्हणजे पुन्हा पडद्याच्या मागेच.

नाटकाच्या दिवशी मी विंगेत संहिता घेऊन बसलो होतो. गडी पहिले दोन अंक डाव्या पायाने लंगडला. शेवटच्या अंकात तो खाटेवर बसून मोठं भाषण करतो आणि उठून आईकडे जातो. भाषण झालं, गडी उठला आणि उजव्या पायाने लंगडायला लागला. मी पुढचं वाक्य द्यायचंच विसरलो. डावा पाय ठणठणीत बरा झाला होता आणि उजवा बिघडला होता. समोर मांडव रडत होता. बाया पदराने डोळे पुसत होत्या, म्हातारे नाक शिंकरत होते. एवढ्या ओल्या डोळ्यांतून एकालाही पाय दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी हे बोललो. गडी शपथेवर आला. "डावाच होता. पह्यल्यापासून डावाच."

"शेवटी उजवा झाला होता."

"तुले जळून राह्यलं," डायरेक्टर म्हणाला. "पार्ट नाई भेटला म्हून."

टपरीवरची सगळी माणसं हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, दोन्ही तळपायांची. पार्ट गेल्याचा राग एव्हाना विझत आला होता. पण जे मी डोळ्यांनी पाहिलं, ज्या गोष्टीत त्या गावात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, तिथेही मलाच खोटं पाडलं होतं.

म्हणून मी कथा लिहिली. धानाच्या गिरणीत मी मुनीम होतो. दुपारी गिरणी थांबली की पोत्यांना टेकून लिहायचो. जे घडलं तेच लिहिलं: प्रॉम्प्टर, नट, डावा पाय, मग उजवा पाय, रडणारा मांडव. शेवटी प्रॉम्प्टरला विंगेत हसू फुटतं आणि ते काही केल्या आवरत नाही. दुसरं काही नको होतं मला. ते दोन पाय एकदा छापून यावेत, एवढंच हवं होतं. तिकडे शहरातलं एक मोठं मासिक अपंगांवर विशेषांक काढत होतं. 'अस्सल अनुभव पाठवा,' असं त्यांनी आवाहन केलं होतं. यापेक्षा अस्सल काय असतं? परतीचं पाकीट जोडून कथा पाठवून दिली.

स्वीकारल्याचं कार्ड आलं तेव्हा आईने मोहल्ल्यात साखर वाटली. अंक आला तो मी पोस्टातच उभ्याने फोडला.

कथेचं नाव बदलून 'अश्रूंची कुबडी' केलं होतं. शेजारी चित्र: मावळता सूर्य आणि कुबडीवर रेललेला एक तरुण. मी जन्मात कुबडी वापरलेली नाही. शेवटी प्रॉम्प्टर हसत नव्हता. तो घरी जाऊन आईच्या मांडीत तोंड लपवत होता आणि आई म्हणत होती, "बाळा, तुझं मन तर लंगडं नाही ना!" माझी आई मला आयुष्यात कधी बाळा म्हणाली नाही. ती मला 'ए पोट्ट्या' म्हणते. आणि नाटकाच्या शेवटच्या अंकात नट डाव्याच पायाने लंगडत होता. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. डावाच.

अंकासोबत संपादकांची चिठ्ठी होती. आपली कथा हृदयस्पर्शी आहे, शेवट थोडा उंचावला आहे, आणि 'उत्तरार्धात आपल्या हातून नजरचुकीने उजवा पाय पडला होता, तो दुरुस्त करून घेतला आहे.'

नजरचुकीने! ज्याला रोज सकाळी खाटेवरून उतरताना आपला अधू पाय कोणता हे आठवावं लागत नाही, त्याच्याकडून पायाची नजरचूक! कथेत तेवढं एकच वाक्य होतं ज्यासाठी मी ती लिहिली, आणि नेमकं तेच त्यांनी दयाबुद्धीने खोडलं. ते वाक्य काढल्यावर उरतं काय? चांगला नट आणि त्याच्यावर जळणारा एक लंगडा. म्हणजे टपरीवर डायरेक्टर जे म्हणाला होता तेच.

मी रागाने चार पानी पत्र लिहिलं. पुढच्या अंकात चूक कबूल करा, माझं वाक्य जसंच्या तसं छापा, असं कळवलं. उत्तर अगदी सभ्य आलं. माझ्या भावना ते समजू शकत होते. 'आपल्यासारख्यांच्या मनात कटुता असणं स्वाभाविक आहे,' असं त्यांचं म्हणणं. वाचकांची पत्रं मात्र भरभरून येत होती, अनेकांना रडू आवरलं नव्हतं. जागेअभावी खुलासा छापता येणार नाही, पुढची कथा अवश्य पाठवा. मी ते पत्र गिरणीच्या भुशाच्या शेगडीत घातलं.

मग एका संध्याकाळी तो गडी घरी आला. आरमोरीच्या वाचनालयातून अंक मागून आणला होता. त्या ओळीवर बोट ठेवून तो माझ्यासमोर बसला. खिजवायला आला नव्हता, हे जास्त वाईट. त्याचा चेहरा मोकळा झाला होता, जिवावरचं ओझं उतरावं तसा.

"पाह्य गा भाऊ, डावा. मी का म्हणत होतो? तूच लिवलं. मले तं मधात खरंच वाटाले लागलं होतं का माह्यंच चुकलं असन."

म्हणजे त्यालाही शंका होती! आणखी थोडे दिवस गेले असते तर त्याने स्वतःहून कबूल केलं असतं.

"ते मी नाई लिवलं," मी म्हटलं. "उजवा लिवला होता मी. त्याइनं बदलवला."

त्याने अंक उलटसुलट केला, कथेचं पहिलं पान काढलं आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"मंग नाव तं तुह्यंच हाय ना?"

होतं. ठळक अक्षरांत, गावासकट. तेवढंच त्यांनी दुरुस्त केलं नव्हतं.