करंट गेला की
खडेबाजारातल्या मोबाइलच्या दुकानात परवा ते इंग्रजी गाणं लागलं आणि मला वडगावातले विजेवरचे माग आठवले. तिथं मी आणि ती शेजारशेजारच्या मागांवर साड्या विणायचो. त्या खटखटाटात प्रेमाचं काही बोलायचं तर ओरडावं लागलं असतं, म्हणून आम्ही करंट जायची वाट बघायचो. एकदा करंट गेला तेव्हा कॉलेज केलेल्या तिनं मोबाइलवर हे गाणं लावलं. पडद्यावर टोपी घातलेला गायक, साधी गिटार आणि कसलीच घाई नसलेला आवाज. मी विचारलं, "काय म्हणतोय गं ह्यो टोपीवाला?" "म्हणतोय, ती हो म्हणंल असं वाटतंय, पर खात्री न्हाय." "माझंबी तसंच हाय," मी म्हणालो. ती हसली. "पुढच्या वेळी करंट गेला की सांगते." त्याच आठवड्यात मंत्र्यांनी गळाभर हार घालून घेत चोवीस तास विजेची योजना सुरू केली, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच सरकारनं शब्द पाळला. दिवाळीनंतर ती लग्न होऊन निपाणीला गेली. पुढं वीज पहिल्यासारखी जायला लागली. आता मी एकटाच राहतो, आणि करंट गेला की मेणबत्ती लावायची घाई करत नाही.