बोळ्याविना इंजेक्शन

नाव : श्रीमती नीलाबाई उंदिरवाडे. वय : एकोणसाठ. हुद्दा : आरोग्यसेविका (सेवानिवृत्त), तालुका चामोर्शी. ओळखचिन्ह : उजव्या अंगठ्यावर सिरिंजच्या दट्ट्याचा घट्टा. सेवाकाळात दिलेली इंजेक्शने : मोजदाद नाही. तक्रारी : फक्त लहान मुलांच्या; ग्राह्य धरलेल्या नाहीत. वाहन चालविण्याचा परवाना : आहे. वाहन : निरंक. वाहनखरेदीचा उद्देश : मातोश्री गिरजाबाई, वय शहात्तर, यांना सोळा ऑक्टोबर रोजी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर स्वतःच्या गाडीतून विनाथांबा पोहोचविणे.

यातला ‘विनाथांबा’ गिरजाबाईंचा. छप्पन साली त्या सात वर्षांच्या होत्या आणि बापाच्या बंडीत बसून चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, दीक्षेला गेल्या होत्या. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, दोन बैल, मधे वैनगंगा. ती बंडी वाटेत कुठेही थांबली नाही, असं त्या तेव्हापासून सांगत आल्या आहेत. बहुतेक वाटभर त्या झोपल्या होत्या, हा तपशील घरात कोणी उकरून काढत नाही. एसटीवर त्यांचा राग आहे तो एवढ्याचसाठी, की ती थांबते. यंदा त्यांनी जाहीर केलं, की जाईन तर लेकीच्या गाडीनं, नाहीतर टीव्हीवर पाहीन. टीव्ही बिघडलेला होता.

अशात भद्रावतीच्या आदेशनं मोबाइलवर गाडी विकायला टाकली. चार वर्षं जुनी, पेट्रोल, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन, अगदी कमी चाललेली. नीलाबाईंनी ‘इंजेक्शन’पर्यंत वाचलं आणि पसंत केली. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

सोबत त्यांनी बिरजूला घेतलं. बिरजूचं चामोर्शीत गॅरेज आहे. तो नीलाबाईंच्याच हातावर जन्मला, लसीही त्यांनीच टोचल्या. आजही त्यांच्याशी बोलताना तो डावा दंड जरा मागे ठेवतो. बसमध्ये त्यानं त्यांना समजावलं, की या इंजिनांचा पंप फार दाबाचा असतो, भेसळीचं पेट्रोल इंजेक्टरला सोसत नाही, आणि जुनी घ्यायची तर एकच परीक्षा खरी.

“गाडी थंडी असतानाच चालू करून पाहाची, बाई. मालकानं हात लावाच्या आधी.”

सकाळी अकराला ते भद्रावतीत पोहोचले. गाडी टिनाच्या शेडखाली, धुऊनपुसून उभी होती. आदेश म्हणाला, “आठ दिवसांपासून उभीच हाये, सिस्टर. चावीसुद्धा नाई लावली.”

नीलाबाईंनी बॉनेटवर तळहाताची मागची बाजू ठेवली. बाळाच्या कपाळावर ठेवतात तशी.

“मंग हिले ताप काऊन हाये?”

आदेशनं उन्हाकडे बोट दाखवलं. ऊन रस्त्यापलीकडे होतं. नीलाबाई वाद घालणाऱ्यातल्या नाहीत. ताप उतरेपर्यंत बसतो, म्हणाल्या, आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या.

त्या चार वाजेपर्यंत बसल्या. आदेशच्या बायकोनं, पुनमनं, आधी चहा केला, मग पोहे केले. पाहुणे तरी उठेनात तेव्हा भात टाकला. नीलाबाईंच्या पर्समध्ये बीपीचं यंत्र कायम असतं. रिकामं कसं बसायचं म्हणून त्यांनी पुनमचं बीपी पाहिलं. ते शेजारणीनं पाहिलं. दोन वाजेपर्यंत ओसरीवर अकरा जण बाही वर करून रांगेत होते आणि एकानं बाहेरगावाहून सासऱ्याला बोलावून घेतलं होतं. शेवटी आदेशचा नंबर लागला.

“वर हाये,” नीलाबाई म्हणाल्या. “कायचं टेन्शन घेऊन राह्यले, भाऊ?”

आदेशनं गाडीकडे पाहिलं.

चारला बॉनेट गार लागलं. बिरजूनं चावी फिरवली. गाडीला हुडहुडी भरली. आरसे थरथरले, आतून टकटक ऐकू आली, आणि इंजिन दोनदा आचका देऊन चालू झालं. बिरजूनं ते बंद केलं, एक नळी सोडवली आणि वायरीच्या टोकाचा छोटा कॅमेरा आत व्हॉल्व्हपर्यंत सरकवला. मोबाइलवर काळंकुट्ट चित्र उमटलं. पुनम म्हणाली, ही तर आपली कढई.

बिरजू म्हणाला, “जुन्या इंजनात पेट्रोल वालवरून आत जाते, तं वाल धुऊन निंगते. हिच्यात डायरेक्ट आत. वालले थेंब नाई भेटत. ऑइलची वाफ तिथी बसते, जळते, खपली धरते.”

नीलाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ घेतला.

“म्हंजे बोळा न फिरवता सुई?”

“तसंच समजा.”

अकरा जण हसले. नीलाबाई हसल्या नाहीत. एका पावसाळ्यात उपकेंद्राला पुरानं वेढलं, स्पिरिट संपलं, तेव्हा त्यांनी पाणी उकळून, कापूस उकळून जागा पुसली होती आणि मगच सुई टोचली होती. त्यांच्या हातून बोळ्याविना इंजेक्शन झालेलं नाही. आणि इथं एक इंजिन चार वर्षं, मिनिटाला हजारो, तसंच टोचून घेत होतं.

आदेशनं हुकमाचं पान टाकलं. गाडी फक्त कॉलनीतून कामाच्या गेटपर्यंत चालवली, दिवसाला दोन किलोमीटर, कधी दमवलीच नाही.

“भाऊ, तेच तं,” बिरजू म्हणाला. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद व्हायचं, म्हणून खपली वाढली, म्हणून पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं. त्यानं ऑइलची कांडी काढून नीलाबाईंच्या नाकाशी धरली. वास पेट्रोलचा होता.

“लेकराले अंगनाभायेर नाई जाऊ देलं,” नीलाबाई म्हणाल्या, “आन म्हंते तब्येत नाजूक.”

त्या उठल्या. सोळा तारखेला नऊ दिवस उरले होते आणि पाहण्याजोगी दुसरी गाडी नव्हती. तरी त्या उठल्या. तेव्हा पुनम नवऱ्याला म्हणाली, “सकाळीच म्हनलं होतं, गरम करू नका. आता धुवून द्या.”

ठरलं. आधी सफाई, आदेशच्या खर्चानं, मग खरेदी. दुसऱ्या दिवशी आदेशनं गाडी चामोर्शीला आणली. तिच्या आयुष्यातला तो पहिला लांबचा प्रवास.

बिरजूनं गिरजाबाईंना सांगितलं, की मोठ्या शहरात हे वाल अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफ करतात. चामोर्शीच्या बाजारात अक्रोड कुठला? गिरजाबाईंनी घरातून टरफलासकट चारोळी आणून दिली, तीही कडकच असते म्हणाल्या. बिरजूनं मान डोलवून पिशवी ठेवून घेतली, दोन दिवस औषध टाकून ब्रशनं एकेक वाल हातानं घासला, ऑइल बदललं आणि चारोळीची घरी खीर केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला नीलाबाई गॅरेजवर हजर. बॉनेटला हात लावला, गार. चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात ओरडलं आणि नंतर शांत घुमत राहिलं.

“रडली,” त्या म्हणाल्या, आणि जन्मवेळ कागदावर लिहून घेतली. बिरजूनं पथ्य सांगितलं : पंपावरचं पेट्रोल खात्रीचं, ऑइल वेळेआधी, आणि आठवड्यातून एकदा तरी लांब पळवायची. नीलाबाईंनी तेही लिहून घेतलं आणि उरलेले दिवस रोज मूल गावापर्यंत जाऊन आल्या. मूलमध्ये त्यांचं काही काम नव्हतं.

सोळा तारखेला गिरजाबाई पांढरं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या. इंजिन वाटेत एकदाही अडखळलं नाही. दीक्षाभूमीच्या गर्दीत गाववाल्या बाया भेटल्या, त्यांनी विचारलं, गाडी कशी आहे.

“बंडीसारखी,” गिरजाबाई म्हणाल्या. “कुठीच नाई थांबली.”

गाडी वाटेत तीनदा थांबली होती. तिन्ही वेळा गिरजाबाईंना लघवीला लागली होती.