काही सापडले नाही

आमच्या इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत बाईंनी सव्वीस वर्षं काढली. जुना संगणक, काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊसचं नाव नाही. सगळं हातानं टाइप करायचं. दोन महिन्यांपूर्वी नवे साहेब आले आणि "यात काय एवढं?" म्हणत त्यांनी बाईंना चौकशीच्या खिडकीवर बसवलं, रेकॉर्ड शोधायचं काम स्वतःकडे घेतलं. मी फायली वाहणारी, मला कोण विचारतो? पण तेव्हापासून माझं डोकं फिरलेलंच आहे.

सोमवारी एक शिंपी खिडकीशी आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचं ऑपरेशन होतं. वीस वर्षांपूर्वी इथंच भुलीच्या औषधानं ती मरता मरता वाचली होती. औषध कोणतं, एवढंच डॉक्टरांना हवं होतं. साहेबांनी त्याच्या हातात छापील चिठ्ठी ठेवली होती: काही सापडले नाही.

बाई तरातरा रेकॉर्ड खोलीत गेल्या. मागे मी, माझ्यामागे शिंपी.

"कुठं उभं राहून शोधलंत?"

"उभं राहून म्हणजे? शोधायची कमांड, ग्रेप, लिहिली, नाव दिलं. सेकंदात उत्तर आलं."

"सव्वीस वर्षं सेकंदात? अहो, हा जुना ग्रेप आपण असतो तेवढंच फोल्डर बघतो. आत वर्षांची फोल्डरं, त्यांच्या आत वॉर्डांची. तुम्ही दारातून हाक मारलीत आणि घरात कोणी नाही म्हणून लिहून दिलंत."

बाईंनी उभ्याउभ्याच टाइप केलं. आधी फाइंड या दुसऱ्या कमांडकडून आतल्या सगळ्या फायलींची यादी घ्यायची, मग ती ग्रेपच्या हाती द्यायची, ही त्यांची रोजची रीत. यंत्र वीस मिनिटं घरघरलं. शिंपी गळ्यातली टेप बोटांना गुंडाळत राहिला. मग एकच ओळ उमटली, त्यात औषधाचं नाव होतं. बाईंनी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, शिंप्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्याला पिटाळलं.

"ही कमांड मला लिहून द्या," साहेब म्हणाले.

"दिली होती. जाताना यंत्रावर चिकटवली होती."

घाण दिसते म्हणून साहेबांनी तो कागद पहिल्याच दिवशी माझ्यासमोर फाडला होता. मी तसं तोंडावर सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"अशा चिठ्ठ्या आजवर किती दिल्या?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी वही चाळली. "एकेचाळीस."

त्यातल्या किती जणांची ऑपरेशनं होऊन गेली, ते कोणीच विचारलं नाही. बाईंनी साहेबांची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"पहिलं नाव वाचा."