माझ्यादेखत पुसायचं

उस्मानमामा दुकानात आले की खिशातलं मेमरी कार्ड काढून आधी तळहातावर जोखायचे. जन्मभर गुळाच्या आडतीवर तोलाई केलेला माणूस. केडगाव स्टेशनाबाहेर माझं मोबाइलचं दुकान होतं, दारावर पाटी, ‘गाणी भरून मिळतील’. पन्नास गाणी भरून मी कार्ड परत दिलं की मामा पुन्हा जोखत.

"भरायच्या आदी जेवढं व्हतं तेवढंच हाय. मग वीस रुपये कशाचे?"

"मामा, गाण्याला वजन नसतं."

"त्येच म्हणतोय. कॅसेट इकली की दुकानातनं जायची, गिऱ्हाइकाच्या घरी यायची. तुझी गाणी तर इकूनबी तुझ्याच कॉम्प्युटरच्या डब्यात. मग तू इकलंस काय?"

असा राग यायचा. त्यात मामा स्टुलावर बसून प्रत्येक गाणं वाजवून बघायचे, मधलं कापलं तर नाही ना म्हणून. एकदा त्यांनी सहज विचारलं, "ह्यातलं गाणारीला काय जातं रं?" मी चार्जरच्या वायरी गुंडाळायला लागलो. गाणी मीसुद्धा पुण्यातल्या एका ओळखीच्या दुकानातून फुकटच उतरवून आणलेली होती. मामांना काय ते समजलं. तरी त्यांनी वीस रुपये दिले, वर पावती मागितली.

मामी वारल्या त्या वर्षी ते एक जुनी कॅसेट घेऊन आले. लेकीच्या हळदीत मामी गायल्या होत्या, तेवढंच त्यांचं गाणं टेप झालेलं. ते मोबाइलात पाहिजे होतं. मी टेप कॉम्प्युटरला जोडला. मामींचा आवाज, मागे भांडी, कुणाचा तरी खोकला. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गाणं संपलं तसं मी ते त्यांच्या कार्डात भरलं.

"किती झाले?"

"ह्याचे काय घ्यायचे, मामा."

ते गर्रकन वळले. "फुकट? म्हंजी तू ठिवून घेणार. उद्या माझी बायकू कुणाच्याबी खिशात वाजंल." दहाची नोट त्यांनी काउंटरवर दाबून ठेवली. "माझ्यादेखत पुसायचं."

मी कॉम्प्युटरमधलं गाणं पुसलं. "आता त्या पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीतनंबी काढ," मामा म्हणाले. हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे. तेही काढलं. मन मात्र दुखावलं माझं.

दोनेक वर्षांनी आले ते कार्ड न जोखताच पुढे केलं. मोबाइल पाण्याच्या हौदात पडला होता. कॅसेट कधीच टेपने खाल्ली होती. मी कार्ड फडक्याने कोरडं केलं, वाळवलं, तीन-चार मोबाइलांत घालून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. कॉम्प्युटरही मधल्या काळात दोनदा फॉरमॅट झालेला.

मामा काउंटरवर वाकले, आवाज खाली आणला. "तू ठिवलं असशील की. मी रागवत न्हाई."

"नाही मामा. तुमच्यासमोरच पुसलं ना."

"माझ्या माघारी दुसरं करून घेतलं असशील. समदी करत्यात. सांग की, लबाडी केली म्हणून."

गिऱ्हाइकांनी मला चोर म्हटलेलं मी पुष्कळदा ऐकलंय. पण मी चोर निघावं म्हणून कुणी इतक्या काकुळतीने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. खोटं बोलायचीही सोय नव्हती. मी नकाराची मान हलवली.

मामा स्टुलावर टेकले. ते त्यांचं दुकानातलं शेवटचं येणं. उठताना कार्ड खिशात टाकलं आणि दारातून म्हणाले, "एवढ्या जगाला फसवलंस, लेका. मलाच कसं न्हाई फसवलंस?"