केरूनानांनी पुसलेला मळ

सायखेड्याच्या केरूनानांनी तीस वर्षं ट्रॅक्टरची इंजिनं खोलली. २००७ साली ते नाशिकला मुलाकडे राहायला आले, आणि हात नुसते शिवशिवू लागले. घरात खोलण्याजोगं होतं काय, तर कुकर! खंडेनवमीला अवजारं लख्ख करून पुजायची, ही त्यांची जन्माची रीत. सून उज्वला कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका बनवायची, म्हणजे घरातलं खरं अवजार तेच. त्या खंडेनवमीला ती बाजारात गेल्यावर नानांनी ते उघडलं, पंखा काढला. खाली प्रोसेसरवर पांढरा चिकट मळ दिसला. तो त्यांनी असा पुसला की त्यात तोंड दिसावं. मग पंखा लावून, वर हळदकुंकू वाहून स्वारी खूष.

दसऱ्यापासून कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागला. पत्रिका अडकल्या. उज्वला डोक्याला हात लावून बसली, पण तिने कुणावर संशय घेतला नाही, आणि नानांना नेमकं तेच खाऊ लागलं. खरं सांगितलं तर पोर पुन्हा आपल्याला कशाला हात लावू देणार नाही, या भीतीने ते सांगायचं टाळत राहिले. शेवटी चहाच्या वेळी बोलून टाकलं.

"आतला मळ मी पुसला, पोरी. माझीच चूक हाय."

उज्वला इतकी हसली की चहा सांडला. तो मळ नव्हता, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट होती. तिने नवी पेस्ट आणून लावली, पंखा बसवला. तरी स्क्रीनवर प्रोसेसरच्या दोन कोअरपैकी, म्हणजे शेजारशेजारच्या भागांपैकी, एक पन्नास अंशांवर आणि दुसरा चौऱ्याऐंशीवर! दुकानदाराने फोनवरच निकाल दिला की प्रोसेसर गेला, नवा घ्या.

नानांना राहवेना. स्क्रू कसे आवळले, त्यांनी विचारलं. आधी या बाजूचे दोन गच्च, मग त्या बाजूचे, असं तिने दाखवलं.

"इंजिनाचं हेड, वरचं झाकण, असं आवळत नाय," नाना म्हणाले. "एक बाजू दबती, दुसरी उचलती. कोपऱ्यासमोरचा कोपरा धरायचा, अन् चारी थोडे थोडे."

उज्वलाने पुन्हा पेस्ट लावली आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हाती दिला. अर्ध्या तासाने आकडे दिसले: बावन्न, चोपन्न. दोघं सासरा-सून लहान मुलांसारखी स्क्रीनकडे बघत बसली. संध्याकाळपर्यंत पत्रिका छापायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कलाबाई आपला तापणारा कॉम्प्युटर दाखवायला आल्या. उज्वलाने कामातून मानही वर केली नाही.

"नानांकडे द्या," ती म्हणाली. "आमच्याकडे ते बघतात."

नानांना इतका आनंद झाला की कलाबाईंना बसा म्हणायचंही राहून गेलं.