कुंकवाभोवतीचं पाणी

तळमजल्यावरचे काका रविवारी सकाळी त्यांची जुनी फियाट धुतात, तेव्हा गॅलरीत माझा चहा हमखास गार होतो. पत्रा उन्हाने तापायच्या आत ते गाडी आंब्याच्या सावलीत घेतात. पाइप कधीच लावत नाहीत. जोराच्या पाण्याने जुना रंग सुटतो म्हणे. तांब्याने टपावरून पाणी सोडायचं, धूळ आपसूक वाहू द्यायची, मग मऊ सुती फडक्याने, जराही न घासता, पुसत खाली यायचं. तापाने फणफणलेल्या लेकराचं अंग पुसावं तसं.

बॉनेटवर मात्र त्यांचा हात एका जागेला वळसा घालून जातो. तिथे कुंकवाचं स्वस्तिक आहे. काकूंनी त्यांच्या शेवटच्या दसऱ्याला गाडीची पूजा करताना काढलेलं. आता त्याच्या दोनच रेघा उरल्या आहेत, त्याही फिकट.

जपायचं म्हणून आपण किती गोष्टी लख्ख करून ठेवतो. आई गेल्यावर तिचा पोळपाट मी घासूनपुसून ठेवला. छान दिसतो. फक्त आता तो कुणाचाही वाटतो.

परवाच्या रविवारी न राहवून मी खाली गेले.

"काका, कुंकवाखालचा रंग खराब होईल हो. डाग पडेल तिथे."

काकांनी फडकं पिळलं आणि स्वस्तिकाकडे निघालेला एक ओघळ अलगद टिपून घेतला.

"पडू दे," ते म्हणाले. "कुंकू काय, आज ना उद्या जाणारच. डाग तरी राहील."